विधायक संवादाचं कुत्रं

कुत्रं आमच्या घरची खीर खात होतं. स्कूटीला किल्ली लावलेली, एक पाय जमिनीवर, हेल्मेटची काच अर्धी खाली, अशा अवस्थेत मी ते पाहिलं आणि पहिला विचार आला तो असा की, कुत्र्याची आवड चांगली आहे. खिरीतली खारीक ते जिभेनं बाजूला सारत होतं. मीही सारतो. माय खारीक उभी, सुईसारखी चिरते. अख्ख्या जालन्यात दुसरं कोणी अशी चिरत असेल असं वाटत नाही, त्यामुळे ओळख पटवायला पंचनाम्याची गरज नव्हती. शेजारच्या भुजंगकाकांच्या मागच्या दाराशी, मोरीच्या ओलीजवळ, वर्तमानपत्रावर ओतलेली खीर. थोड्या वेळापूर्वी हीच खीर मी पुढच्या दारानं त्यांच्या बायकोच्या, नंदाकाकूंच्या, हातात दिली होती. "अगं बाई, खीर! पौर्णिमा न्हाई का आज तुमची. सर, तुमच्या आईच्या हाताला जी चव हाये ना, ती गल्लीत कुणाला न्हाई." हे त्या दर वैशाखात म्हणतात. ही चव त्यांना कुणी सांगितली असावी, हा प्रश्न मला आज पहिल्यांदा पडला. कुत्र्यानं सांगितली असेल तर कुत्र्याचं आणि त्यांचं बोलणं आमच्यापेक्षा बरं चाललं आहे. मी काच पूर्ण खाली केली आणि निघालो. काचेच्या आत माझा श्वास गरम होऊन माझ्याच तोंडावर येत होता, आणि त्याला वेलदोड्याचा वास होता, कारण सकाळी मीही तीच खीर खाल्ली होती. पुढच्या सगळ्या सिग्नलांवर मला कुत्र्यासारखं वाटत राहिलं.

मी स्पर्धा परीक्षांच्या एका अकादमीत आंतरराष्ट्रीय संबंध शिकवतो. अकादमी अंबड चौफुलीकडे, टायरच्या दुकानाच्या डोक्यावर आहे. शीतयुद्ध शिकवताना खालून हवा भरायचा आवाज येतो. आमच्या घराची आणि भुजंगकाकांच्या घराची भिंत एक, आणि नळाची लाईनही एक. रस्त्यावरून एकच पाईप येतो आणि आमच्या दोन दारांच्या मधे त्याला दोन फाटे फुटतात. पाणी आठवड्यातून एखाद्या वेळी येतं, तासभर राहतं, आणि त्या तासभर काकांची मोटार चालते. मोटार थेट नळालाच लावलेली असल्यामुळे पाईपातलं सगळं तिकडं ओढलं जातं. आमच्या नळातून येते हवा, आणि हवेबरोबर एक आवाज, म्हाताऱ्या माणसानं बशीतून चहा ओढावा तसा. अण्णा, म्हणजे माझे वडील साहेबराव, एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेले मेकॅनिक, त्या नळाखाली हंडा धरून बसतात. मोटार बंद झाल्यावर शेवटी जे सांडतं ते आमचं. अण्णांनी काही उन्हाळ्यांपूर्वी काकांच्या मोटारीच्या दुप्पट ताकदीची मोटार विकत आणली. ती खोक्यात, खाटेखाली आहे. संध्याकाळी ते खोकं उघडतात, तिला कोरड्या फडक्यानं पुसतात, आणि परत झाकतात. मी त्यांना समजावून सांगितलं की दोन्हीकडून ओढलं तर जुना पाईप बसेल, गटाराचं पाणी आत येईल, आणि दोन्ही घरं एकदमच जुलाबानं आडवी होतील. पुस्तकात याला परस्पर विनाशाची खात्री म्हणतात. अण्णा म्हणाले, "होऊ दे की. बराबरीत तरी होऊ."

तेव्हा मी माझं धोरण मांडलं. विधायक संवाद. बहिष्कार नको, धमकी नको, अट नको. येणं-जाणं ठेवायचं, देणं-घेणं वाढवायचं, समोरच्याला कोपऱ्यात न ढकलता हळूहळू त्याचं मन वळवायचं. बोलताना मी हात हलवले असावेत, कारण माय म्हणाली, "हात खाली कर, पंखा लागंल." पण धोरण तिनंच राबवलं. आमच्या लाईनवर पाणी नव्हतं, तरी डबा होता. नंदाकाकूंचा स्टीलचा डबा, झाकणावर मशीननं कोरलेलं त्यांचं नाव. एका दिवाळीला तो चकल्या घेऊन आमच्याकडं आला, आणि आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो, हे दोन्ही घरांना न शिकवता माहीत होतं. मायनं त्यात करंज्या घालून पाठवला. त्यांनी धुंधुरमासाची खिचडी घालून पाठवला. तेव्हापासून तो डबा भिंतीच्या या बाजूला थांबला की त्या बाजूला जाण्यासाठी, आणि त्या बाजूला थांबला की या बाजूला येण्यासाठी. मी वर्गात त्याचं उदाहरण देत असे, नावं न घेता. दोन शत्रुराष्ट्रांमधली मालवाहतूक. मोटार चालूच होती. पण विधायक संवादाला वेळ लागतो, असं पुस्तकात दिलेलं आहे. किती, ते दिलेलं नाही. परवा अण्णांनी फडकं खाली ठेवलं आणि म्हणाले, "पौर्णिमेच्या पाण्याला त्याची बंद न्हाई झाली, तर माझी चालू. मंग तू तुझं पुस्तक त्या पाईपाला गुंडाळ."

म्हणजे आज. आज संध्याकाळी पाणी येणार होतं, आणि माझं धोरण वर्तमानपत्रावर पडलेलं होतं.

वर्गात नेमकं दक्षिण आफ्रिका होतं. कधी कधी अभ्यासक्रम माणसावर पाळत ठेवतो. मी फळ्यावर लिहिलं आणि सांगू लागलो की ऐंशीच्या दशकात अमेरिकेनं तिथल्या वर्णभेदी गोऱ्या सरकारवर सरळ बहिष्कार न घालता व्यापार चालू ठेवला, बोलणी चालू ठेवली, की मैत्रीतून सुधारणा होईल. याला त्यांनी विधायक संवाद असं नाव दिलं. खाली कुणीतरी ट्रकच्या टायरात हवा भरत होतं आणि माझं वाक्य त्या आवाजाबरोबर फुगत चाललं होतं. मोनाली नावाची एक मुलगी आहे, बदनापूरहून येते, प्रश्न विचारताना पेनाचं टोपण चावते. तिनं विचारलं, "सर, पण ज्यांना त्रास व्हायचा ते काय म्हणायचे याच्यावर?"

"कोण?"

"तेच, काळे लोक. बोलणी तर गोऱ्यांच्यात न् गोऱ्यांच्यात चाल्लीती ना?"

मागून एक जण म्हणाला, "ते हवा भरून राह्यलते." वर्ग हसला. मीही हसलो, कारण उत्तर बरोबर होतं. मग मी म्हणालो की त्यांच्या बऱ्याच नेत्यांचा या धोरणाला विरोध होता, टीकाकारांच्या मते यातून अत्याचार करणाऱ्याला फक्त वेळ मिळाला, हे दोन गुणांसाठी येऊ शकतं, लिहून घ्या. सगळ्यांनी लिहून घेतलं. मी फळ्याकडं पाहत राहिलो. फळ्यावरचं माझं अक्षर नेहमीसारखं सुबक होतं आणि त्याचा मला एकाएकी राग आला. इतक्या सुबक अक्षरात काहीही लिहिलं तरी खरं वाटतं.

परत येताना मला राधेश्याम आठवत होता. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. त्याचं घर दोन गल्ल्या सोडून. तो आमच्याकडं अभ्यासाला यायचा, कॅरम खेळायला यायचा, एकदा ताप असतानाही आला. आणि आला की तो कायम नुकताच जेवलेला असायचा. माय ताट करायची, तो म्हणायचा, "न्हाई काकू, आत्ताच जेवून आलो, बिलकुल जागा न्हाई." दुपारी आला तरी जेवून, चारला आला तरी जेवून. माझे वर्गातले इतर मित्रही तसेच. लहानपणी माझी अशी ठाम समजूत होती की आपल्या आजूबाजूला राहणारी ही माणसं दिवसभर जेवत असतात. मला त्यांची काळजी वाटायची. एकदा मी राधेश्यामला म्हणालोही, "इतकं खात जाऊ नको, पोट बिघडंल." त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी त्याला पकडलंय, मग स्ट्रायकरला बोट लावलं आणि क्वीन घेतली. तो बारीक होता, अगदी काडी. एवढं जेवून काडी कसा, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता, पण मी हुशार मुलगा होतो आणि हुशार मुलांना फक्त पुस्तकातले प्रश्न पडतात. उड्डाणपुलावर गाडी थोडी डगमगली. एमआयडीसीकडच्या भट्ट्यांचा धूर पांढऱ्या उन्हात सरळ वर जात होता, आणि मला ते सगळे बारीक, जेवून आलेले चेहरे एका रांगेत दिसले, ढेकर द्यायचा प्रयत्न करताना.

घरी पोचलो तेव्हा डबा परत आलेला होता. ओट्यावर बसलेला, झाकणावर नंदाकाकूंचं नाव, आत सत्यनारायणाचा शिरा. वैशाखी पौर्णिमेला आमच्याकडं बुद्धवंदना असते आणि त्यांच्याकडं पूजा, त्यामुळे या दिवशी मालवाहतूक दोन्ही बाजूंनी जोरात. मी मायला काही सांगायचं नाही असं रस्त्यात ठरवलं होतं. ती पहाटेपासून खिरीपुढं उभी होती. तिला काय सांगायचं की तुझी खारीक कुत्र्यालाही आवडत नाही. मी हात धुवायला मागं गेलो. माय मागच्या अंगणात वाकून उभी होती, डब्याचं झाकण काखेत, आणि फरशीच्या तुकड्यावर शिरा पालथा करत होती. "मोत्या, ये. हळू. गरम हाये." मोत्या आला. तेच कुत्रं. ओठाला अजून आमची खीर लागलेली. त्यानं शिऱ्यातला बेदाणा आधी काढून खाल्ला.

"माय, हे काय?"

"काय काय? शिरा हाये."

"कुत्र्याला?"

"मंग कोणाला? परसाद हाये त्यो. तुझ्या आज्यानं नागपूरला जाऊन प्रतिज्ञा घेतल्यात, म्या काय सत्यनारायणाचं खाऊ? आन अन्न टाकून तर देववत न्हाई. मोत्याला कोणता धरम हाये?"

मी म्हणालो की या कुत्र्याला शेजारी वाघ्या म्हणतात. माय म्हणाली, "म्हणू दे. दोन्हीला येतो."

एक क्षण मला इतकं हसू आलं की मी भिंत धरली. इतकी वर्षं दोन घरांनी तूप, साखर, गॅस, सणवार, आपापला धर्म आणि माझं धोरण पणाला लावून एक कुत्रं पोसलं होतं. जालन्यातलं सगळ्यात यशस्वी अलिप्त राष्ट्र माझ्यासमोर शेपूट हलवत होतं. आणि मग मला बरं वाटू लागलं. तेच वाईट झालं. मला वाटलं, चला, म्हणजे बरोबरीच आहे. ते आपलं खात नाहीत, आपण त्यांचं खात नाही. फिट्टंफाट. पुस्तकात याला समतोल म्हणतात. माझं मन त्या समतोलावर पाय पसरून बसणार, तेवढ्यात मी विचारलं, "तुला माहीत आहे का, आपली खीर तिकडं कोण खातं?"

"मोत्याच की," माय म्हणाली. "म्या काय आंधळी हाये? पहिल्या सालापासून."

"आणि तू तरी पाठवतेस?"

"तूच म्हणलास ना, बोलणं चालू राह्यलं पाह्यजे. तुझं मन मोडू का?" ती फरशी पाण्यानं विसळू लागली, मग पाणी आठवून थांबली आणि फडक्यानं पुसू लागली. "नंदाबाईला इचारलं व्हतं एकदा. म्हणली, माझं काही न्हाई हो, सासूबाईचं सोवळं हाये. ती सासू, गिरिजाबाई, दिवाळीला वारली. खीर अजून मोत्यालाच चाल्ली."

समतोल संपला. मायनं नाकारला होता देव. तिकडं नाकारला जात होता मायचा हात. कुत्र्याच्या पोटात दोन्ही सारखंच गोड लागत असणार, पण मी कुत्रा नव्हतो, निदान अजून. मी विचारलं, "मग खारीक कशाला चिरतेस एवढी?"

माय सरळ उभी राहिली. कंबरेवर हात ठेवून तिनं माझ्याकडं पाहिलं. "कुत्रं खातंय म्हणून काय वाईट करू का?"

पाणी संध्याकाळी आलं. आमच्या नळानं चहाचा घोट ओढला, अण्णांनी हंडा लावला, आणि भिंतीपलीकडं मोटार सुरू झाली. ही मोटार मला भिंतीतून नेहमी दातांत जाणवते. अण्णांनी घोट संपायची वाट पाहिली नाही. खाटेखालचं खोकं ओढलं, पाना घेतला. "थांबा," मी म्हणालो. "थांबा एकदा."

"लई थांबलो."

"शेवटचं बोलून येतो."

"तुझी खीर गेली ना सकाळी? मंग? विरघळला का त्यो?"

पातेल्यात खीर उरली होती. मी ती नंदाकाकूंच्या डब्यात भरली, एक चमचा घेतला आणि गेलो. का, ते मला नीट माहीत नव्हतं. पाण्यासाठी जातोय असं मी पायांना सांगितलं होतं. मोत्या माझ्यामागून आला. त्याला डब्याचा आवाज कळतो.

भुजंगकाका दारातच होते. अंबड तालुक्यात जमीन, इथं बियाण्याच्या दुकानात भागी, आणि माणूस इतका गोड की भांडायला गेलेल्याला परत येताना आपण काय विसरलो ते आठवत नाही. "या सर, या! बसा. काय म्हणून राह्यलंय मंग युद्ध? थांबतंय का?" जगातली सगळी युद्धं माझ्याकडं आहेत असं ते धरून चालतात. त्यांनी लाल प्लास्टिकची खुर्ची पुढं केली. ही खुर्ची ओट्यावरच असते, पावसातसुद्धा. मला नेहमी वाटायचं की माझ्यासाठी ठेवलेली आहे. आज मला वाटलं की माझ्यासाठीच ठेवलेली आहे. आतल्या दिवाणखान्यात सोफा दिसत होता, सोफ्यावर केळीच्या खांबांचा पाला, चहाचा अर्धा कप. मोटार घुमत होती. मी बसलो नाही. डब्याचं झाकण काढलं, चमचा भरला आणि पुढं केला.

"काका, खीर."

"अरे वा! सकाळीच आलती की. लई झकास झालती."

"एक चमचा घ्या."

"ठिव ना, ठिवा इथं. नंदा, ए नंदा, डबा घे सरकडून—"

"नाही, आत्ता. माझ्यासमोर."

त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्याच्या मागून माणूस निघून गेला. "पूजा न्हाई का आज," ते म्हणाले. "परसादावरच हाये मी." मी म्हणालो, पूजा झाल्यावर चालतं. ते म्हणाले, "दूध सोसत न्हाई हल्ली." आत चहाचा कप वाफाळत होता. ते म्हणाले, "शुगर निघाली, सर." मग परसादाचा शिरा कसा चालतो, हे मी विचारलं नाही. चमचा तसाच होता. खीर चमच्याच्या काठाशी फुगून थांबली होती, वर खारकेची एक सुई. काका तिच्याकडं असं पाहत होते की मी पिस्तूल धरलंय. त्यांच्या कपाळावर घाम आला. बियाण्याच्या पोत्यावर बसून दिवसभर खोटं बोलून दमत नाही तो माणूस एका चमच्यापुढं गुदमरला होता, आणि मला त्यांची, खरंच, राधेश्यामसारखी काळजी वाटू लागली.

मग त्यांना सुटकेचा मार्ग दिसला. मी डोळ्यांत पाहिला तो दिसताना. "हां! पाण्याचं का? अहो, मंग तसं सांगा की सर, येवढं काय त्याच्यात! नंदा! मोटार बंद कर. आधी मोटार बंद कर, जल्दी!"

मी पाण्याचा शब्दही काढला नव्हता.

मोटार बंद झाली. गल्ली इतकी शांत झाली की लांबवरचा हॉर्न ऐकू आला. आणि मग भिंतीपलीकडं आमच्या नळानं खाकरल्यासारखं केलं आणि हंड्याच्या तळावर पाणी पडल्याचा जाड, पितळी आवाज आला. "आलं!" अण्णांनी मायला ओरडून सांगितलं. "शिवकन्या, आलं! जोरात हाये!" काका मोकळे हसले. "झालं? आता दर पाण्याला आधी तुमचं, मंग आमचं. शब्द देतो. शेजारधर्म हाये शेवटी." इतके सण, इतके डबे, इतका विधायक संवाद करून जे मिळालं नव्हतं, ते त्यांनी एका घासाच्या भीतीनं उभ्या उभ्या देऊन टाकलं. अजून थोडा वेळ चमचा धरला असता तर अंबडची जमीनही दिली असती.

"काका," मी म्हणालो, "एकच चमचा."

"सर," ते हळूच म्हणाले, "पाणी घ्या ना."

मी चमचा माझ्या तोंडात घातला. मग दुसरा. त्यांच्या ओट्यावर उभं राहून मी तो डबा संपवला, खारकेसकट, आयुष्यात पहिल्यांदा. खीर चांगली झाली होती. तळाला किंचित लागलेली, वेलदोडा बरोबर. काका दुसरीकडं पाहत होते, नंदाकाकू दाराच्या आत पडद्याला धरून उभ्या होत्या, आणि मोत्या माझ्या घशाकडं पाहत होता. मी रिकामा डबा लाल खुर्चीवर ठेवला. झाकण लावलं नाही.

घरी अण्णा पाण्यात उभे होते. बादल्या भरलेल्या, पातेली भरलेली, पाना खोक्यावर टाकून दिलेला. माझ्याकडं पाहून ते लहान पोरासारखे हसले. "जमलं रे तुझं! मानलं. काय म्हणलास त्याला?"

"काही नाही."

"मंग अशी कशी बंद केली?"

"खीर खा म्हणालो."

ते हसत होते. हसता हसता त्यांचं हसू कुठंतरी अडकलं. नळाखालचा हंडा काठोकाठ आला होता आणि त्यांचा हात त्याच्या कानाला होता. मायनं स्वयंपाकघरातून मान वर केली नाही, पण भांड्यांचा आवाज थांबला.

"मंग?" अण्णांनी विचारलं. "खाल्ली?"

मी नाही अशी मान हलवली.

अण्णांनी हंडा उचलला नाही, नळही बंद केला नाही. हंडा भरून वाहू लागला. पाणी फरशीवर, फरशीवरून उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून गल्लीत गेलं; आमच्या घरातून पाणी वाया गेल्याचं गल्लीनं पहिल्यांदा पाहिलं असेल. बाहेर मोत्या उभा होता. पाणी त्याच्या पायांपर्यंत आलं, तो प्यायला नाही. तो माझ्या हातांकडं पाहत होता, आणि डबा कुठं गेला ते त्याला कळत नव्हतं.